दाणा आपला, भुसा कोणाचा?

धान्याच्या पेठेत भाव दाण्याला असतो. दाण्याभोवती जे जे येते त्याला भाव नसतो. नावे मात्र पुष्कळ असतात. भाताचे तूस, गव्हाचे भुसकट, तुरीच्या तुराट्या, कापसाच्या पऱ्हाट्या, मक्याची बुरकुंडे, भुईमुगाची टरफले, उसाचे पाचट आणि चिपाड, नारळाचे सोडण व करवंटी, काजूचे टरफल. आपल्या भाषेने यांतील प्रत्येक वस्तूला स्वतंत्र शब्द दिला, यावरूनच आपल्या पूर्वजांनी त्यांपैकी एकही निरुपयोगी मानली नव्हती हे उघड होते. कोणती जनावरांपुढे पडे, कोणती चुलीत जाई, कोणती कुडाला लागे, तर कोणती खताच्या खड्ड्यात कुजे. निरुपयोगी हा शिक्का त्यांच्यावर बसला तो अलीकडे. चूल गॅसवर गेली, कूड जाऊन विटा आल्या आणि मळणी यंत्रावर होऊ लागली तेव्हा.

आता मात्र काळाचे चक्र पुन्हा फिरले आहे. ज्याला आपण काडीकचरा म्हणत आलो त्याचे इंधन होते, वायू होतो, वीज होते, एवढेच नव्हे तर मोटारीत घालावयाचे इथेनॉलही होते. केंद्र शासनाच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने करविलेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात वर्षाकाठी सुमारे ७५ कोटी टन असा जैव माल उपलब्ध होतो. आणि चारा, खत, सरपण इत्यादी उपयोग वजा जाता त्यांतील सुमारे २३ कोटी टन शिल्लक राहतो. त्यापासून सुमारे २८,००० मेगावॅट वीजनिर्मितीची क्षमता त्या अभ्यासाने वर्तविली. साखर कारखान्यांच्या चिपाडाची सुमारे १४,००० मेगावॅट वेगळीच.

हे आकडे सभासद बंधुभगिनींनी कोठे ना कोठे वाचले असतील. यंत्राचा विषय यंत्रज्ञांनी मांडावा; आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले धान्याचे घाऊक व्यापारी. तथापि हा विषय जितका यंत्राचा आहे त्याहून अधिक काट्याचा, वखारीचा आणि सचोटीचा आहे, म्हणजेच तो आपला आहे, अशी आमची धारणा झाली असून तीच या लेखातून संघापुढे ठेवण्याचा विचार आहे.

दारातले उदाहरण

सर्वांत जुने आणि सर्वांत यशस्वी उदाहरण आपल्या दारातच आहे. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उगार खुर्द येथील कारखान्याचा आरंभ तर १९३९ सालचा. एक टन ऊस गाळला की सुमारे २८० ते ३०० किलो चिपाड, म्हणजे कारखान्याच्या भाषेतील बगॅस, शिल्लक राहते. त्यात निम्मे पाणी असते. तरीही त्या ओल्या चिपाडाच्या एका किलोत सुमारे सव्वादोन हजार किलोकॅलरी उष्णता असते. कारखाना त्याच चिपाडावर आपले बॉयलर पेटवितो, वाफ करतो, त्या वाफेवर आधी टर्बाइन फिरवितो आणि तीच उरलेली वाफ उसाचा रस आटविण्यास वापरतो. एका इंधनात दोन कामे होतात, म्हणून यास सहवीजनिर्मिती म्हणतात.

जुन्या काळी चिपाडाचा ढीग जागा अडवितो म्हणून तो कसाबसा जाळून टाकण्याकडेच कल असे. बॉयलरमधील वाफेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २१ किलोच्या आसपास असे आणि वीज कारखान्यापुरतीच होई. पुढे हा दाब ६७, ८७ आणि काही ठिकाणी ११० किलोपर्यंत नेण्यात आला. चिपाड तेच, परंतु आता टनभर उसामागे शंभराच्या आसपास युनिटे वीज निघू लागली आणि कारखान्याची गरज भागून उरलेली विकता येऊ लागली. समुद्रापलीकडे मॉरिशस बेटात, जेथे आपल्या कोकणातून गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही नांदत आहेत, तेथे १९५७ सालापासूनच साखर कारखान्याची वीज सार्वजनिक जाळ्यात जाऊ लागली होती. आपल्या देशात २०२३ साली जैव इंधनावरील वीजकेंद्रांची एकत्रित क्षमता दहा हजार मेगावॅटच्या घरात पोहोचली होती. त्यात सिंहाचा वाटा साखर कारखान्यांचाच आहे.

चिपाडास हे यश लाभले, आणि तुराटीस वा तुसास त्या प्रमाणात का लाभले नाही? व्यापारी दृष्टीने पाहता उत्तर सोपे आहे. चिपाड गोळा करावे लागत नाही. ते उसाच्या पोटातून, उसाच्याच भाड्यात, काट्यावर वजन होऊन कारखान्याच्या अंगणात येते. त्याची वाहतूक साखरेने भरलेली असते. बाकीचा सर्व माल मात्र शेतोशेती, बांधोबांधी विखुरलेला असतो.

यंत्रे आहेत, माल कोठे आहे?

यंत्रे नाहीत असे कोणी म्हणू नये. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ साली मैल्यापासून निघणारा ज्वालाग्राही वायू धरून वापरला गेला होता. जशभाई पटेल यांनी १९५१ च्या सुमारास ‘ग्रामलक्ष्मी’ नावाचे शेणवायूचे संयंत्र सिद्ध केले. खादी व ग्रामोद्योग आयोगाने पुढील दशकात ते हाती घेऊन खेड्यापाड्यांत नेले आणि ‘गोबर गॅस’ हा शब्द घरोघरी रुळला. हवा कोंडून शेण वा काडीकचरा कुजविला की मिथेन वायू सुटतो, हे त्याचे तत्त्व. साखर कारखान्यातील प्रेसमडपासून आज हाच वायू शुद्ध करून, दाबून, वाहनांत भरण्याजोगा केला जातो. २०१८ साली केंद्राने त्यासाठी ‘सतत’ ही योजना आखली.

दुसरा मार्ग वायूकरणाचा. तूस किंवा बुरकुंडे पुरेशी हवा न देता अर्धवट जाळली असता कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन यांचे मिश्रण मिळते. त्यातील डांबर व राख गाळून काढली की त्यावर इंजिन चालते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने उसाचे पाचट व चिपाड यांसारख्या हलक्या, सुट्या मालावर चालणाऱ्या अशा भट्टीवर काम केले. बिहारच्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात तमकुहा या गावी २००७ साली काही तरुणांनी भाताच्या तुसावर वीज निर्माण करून अंधारे गाव उजळले. शंभर किलो भातामागे सुमारे वीस किलो तूस निघते आणि त्या भागात गिरण्या भरपूर, म्हणून ते साधले. त्या तरुणांच्या संस्थेने पुढे सौरऊर्जेचीही जोड घेतली.

तिसरा मार्ग दाबून घट्ट करण्याचा. सुका भुसा यंत्रात प्रचंड दाबाखाली घातला असता घर्षणाने तापतो, त्यातील लिग्निन नावाचे द्रव्य मऊ होऊन तेच डिंकाचे काम करते आणि बाहेर लाकडाच्या ओंडक्यासारख्या कांड्या पडतात. बाजारात यास ‘पांढरा कोळसा’ म्हणतात. २०२१ च्या केंद्रीय धोरणाने कोळशावरील बहुतेक औष्णिक केंद्रांस कोळशाबरोबर ५ टक्के अशा जैव गोळ्या जाळण्याचे बंधन घातले, तेव्हापासून या मालास मोठा ग्राहक निर्माण झाला.

चौथा मार्ग इथेनॉलचा. हरियाणात पानिपत येथे १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलचा जो कारखाना राष्ट्रास अर्पण झाला, त्यास ९०० कोटी रुपयांहून अधिक खर्च आला. वर्षाला सुमारे २ लाख टन भाताच्या पेंढ्यापासून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल काढण्याची त्याची योजना आहे.

आता येथे आपण व्यापाऱ्याच्या नजरेने थोडा हिशेब करू. दोन लाख टन पेंढा म्हणजे दहा टनी ट्रकांच्या वीस हजार खेपा. भात कापल्यापासून गहू पेरेपर्यंत त्या प्रांतात शेतकऱ्याच्या हाती जेमतेम वीस-पंचवीस दिवस असतात. म्हणजे दिवसाला आठशे ते हजार ट्रक! तोही पेंढा सुटा भरला तर ट्रकात दहा टन मावतच नाही. आधी त्याचे गठ्ठे बांधणारी यंत्रे शेतात न्यावी लागतात. आणि पंचवीस दिवसांत आणलेला माल वर्षभर पुरवून वापरावयाचा, म्हणजे तो ऊनपावसापासून राखावयास वखारी हव्यात. शेतकऱ्यास रोकड हवी, कारखाना देयक महिन्यांनी देणार. मधला पैसा कोणी घालावयाचा? मोसमात घेणे, बारा महिने विकणे, नमुना पाहणे, तोलणे, साठविणे, उधारी सांभाळणे ही कामे ज्वारी, तूर, गहू यांच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी केली ते आपणच नव्हे काय? यंत्रज्ञाची विद्या जेथे संपते तेथे आपली विद्या सुरू होते.

ओल हाच खरा भाव

या मालाची पारख धान्याहून एका बाबतीत निराळी आहे. विकणारा वजन देतो, परंतु घेणारा उष्णता घेतो. कोरड्या काडीच्या एका किलोत ढोबळमानाने चार हजार किलोकॅलरी धरू. शंभर किलो मालात दहा टक्के ओल असेल तर कोरडा भाग नव्वद किलो, म्हणजे उष्णता ३ लाख ६० हजार. त्यातून दहा किलो पाण्याची वाफ करण्यात सुमारे सहा हजार खर्च होऊन ३ लाख ५४ हजार उरते. तोच माल तीस टक्के ओला असेल तर कोरडा भाग सत्तर किलो, उष्णता २ लाख ८० हजार. आणि तीस किलो पाणी आटविण्यात अठरा हजार जाऊन २ लाख ६२ हजार उरते. काट्यावर दोन्ही शंभर किलोच, परंतु पाव हिस्सा उष्णता पाण्यात गेली.

या पाव हिश्श्यातच या नव्या व्यापाराचे सारे वाद दडलेले आहेत. मालावर पाणी मारून वजन वाढविणारे पुरवठादार आमच्या पाहण्यात आहेत, आणि कोरड्या मालासही ‘ओला’ म्हणून मनमानी कडता लावणारे बॉयलरवाले कारखानेही आहेत. दोन्हीकडील अविश्वासाने कित्येक ठिकाणी हा व्यवहार एक-दोन मोसमांतच मोडला. शितावरून भाताची परीक्षा व्हावी, पण शीत कोणत्या पोत्यातले हे तर ठरले पाहिजे! उपाय अवघड नाही. ठरल्या रीतीने नमुना काढावा, वजन करावे, १०५ अंशाच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा आणि पुन्हा वजन करावे. जी घट येईल ती ओल. भाव ‘कोरड्या क्विंटलास’ बोलला की पाणी मारण्यातही लाभ नाही आणि कडत्यासही वाव नाही. माती आणि राख यांचेही तसेच. भाताच्या तुसाची राखच मुळी पंधरा-वीस टक्के असते आणि तिच्यात वाळूचाच अंश, म्हणजे सिलिका, मुख्य. ती बॉयलरच्या नळ्या झिजविते. पण हीच राख पोलाद व सिमेंट उद्योगांत विकली जाते, हेही ध्यानात असावे.

जे विकू नये ते

येथवर व्यापाराची बाजू झाली. आता मर्यादेची. प्रत्येक वस्तूला भाव आला म्हणून प्रत्येक वस्तू विकावी, हा आपला धर्म नव्हे आणि शहाणपणही नव्हे.

पहिली मर्यादा चाऱ्याची. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, हरभऱ्याचे भुसकट ही मुक्या जनावरांची ताटे होत. दुष्काळाच्या वर्षी कडब्याचे भाव कोठे जातात हे या भागास सांगावयास नको. त्यात बॉयलरचा पैसा उतरला तर गोठा आणि पांजरपोळ यांनी कोणाशी चढाओढ करावी? ज्या हातांनी आपण पांजरपोळास देणगी देतो त्याच हातांनी तिच्या दावणीचा चारा भट्टीस विकू नये.

दुसरी मर्यादा मातीची. एकरी उसाचे पाचट तीन-चार टन निघते. ते जागच्या जागी कुट्टी करून सरीत आच्छादिले तर ओल टिकते, तण दबते आणि कुजून त्याचे खत होते. जो शेतकरी असे करतो त्याच्याकडे पाचट मागावयास जाऊ नये. जो काडी लावणार आहे त्याच्याकडे अवश्य जावे.

तिसरी मर्यादा गरिबाच्या चुलीची. तुराट्या-पऱ्हाट्या आजवर शेतमजुराच्या बायकोने फुकट वेचून आणल्या. कागदावर ज्यास ‘शिल्लक माल’ म्हणतात त्यातील बराचसा असा कोणाच्या तरी चुलीत जात असतो. गाव सोडून सगळ्याच काड्या ट्रकात गेल्या तर तिने सरपण कोठून आणावे? घेणाऱ्याने गावाचा वाटा गावात ठेवावा, आणि काड्या गोळा करण्याची मजुरी त्याच बायांच्या हाती द्यावी.

मग उरते काय? पुष्कळ उरते. भाताचे तूस जनावर खात नाही. भुईमुगाची टरफले, मक्याची बुरकुंडे, चंदगड-खानापूर-गोव्याकडील काजूची तेल काढलेली टरफले, किनाऱ्याकडील करवंट्या आणि सोडणाचा चुरा, गावाची गरज भागून उरलेल्या पऱ्हाट्या, आणि ज्यास एरवी आगच लागणार होती ते पाचट. यांपैकी बहुतेक माल गिरणीत वा कारखान्यातच साचतो, म्हणजे गोळा करण्याचा खर्चही थोडा.

दवदान आणि अंगारकर्म

एक शंका आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी उपस्थित केली, आणि ती अनेकांच्या मनात असेल म्हणून येथे मांडतो. इंधनाचा व्यापार श्रावकास चालतो काय? श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांची यादी प्रसिद्ध आहे. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात ती विस्ताराने आली असून दिगंबर परंपरेत पंडित आशाधरांनीही सागारधर्मामृतात या विषयाचा परामर्श घेतला आहे. त्यात अंगारकर्म, म्हणजे कोळसे पाडण्यासारखा भट्टीचा धंदा, जसा आहे तसेच दवदानही आहे. दवदान म्हणजे रान वा शेत पेटवून देणे.

आमच्या अल्प समजुतीप्रमाणे आज आपल्या भोवती जे घडते आहे ते उघड दवदान आहे. ऊस तुटून गेला की रातोरात पाचटास काडी लावतात. त्यात नुसती काडी जळत नाही. तिच्या आश्रयास आलेले साप, सरडे, उंदीर, पाखरांची घरटी, किडामुंगी आणि मातीतील असंख्य जीव जळतात. हे त्रस जीव होत. पाचटास भाव मिळाला तर शेतकरी काडी लावणार नाही, हा या व्यापाराचा सर्वांत मोठा लाभ आम्ही समजतो. अग्नी बॉयलरमध्येही अग्नीच असतो आणि तेजस्कायिक जीवांची विराधना तेथेही होते, हे नाकारता येणार नाही. परंतु गृहस्थास उद्योगी हिंसा सर्वस्वी टळत नाही. ती विवेकाने कमी करणे एवढेच त्याच्या हाती असते. सुका, वेळीच उचललेला, कीड न लागलेला माल देणे आणि जिवंत शेत पेटविणे यांत फार मोठे अंतर आहे.

कोळसा पाडण्याची गोष्ट मात्र निराळी. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने पाचटापासून कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीसाठी वापरण्याची रीत काढली आणि तीस २००२ साली ॲशडेन पुरस्कार लाभला. लोकोपयोगी म्हणून ते कार्य थोरच. पण अंगारकर्माचा शब्दार्थ पाहता आपल्या सभासदांनी त्या शाखेत उतरण्यापूर्वी त्यागी-मुनिजनांस विचारावे, असे आम्हांस वाटते.

साठवणीतही हीच दृष्टी ठेवावी. चातुर्मासात मुनिजन विहार थांबवितात, कारण ओलीत जीवोत्पत्ती फार. ओल्या भुशाच्या ढिगाचेही तेच. त्यात बुरशी येते, किडे होतात, आतल्या आत तापून तो कधी आपोआप पेटही घेतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी माल सुकवून, जमिनीपासून उंच, छपराखाली रचावा. उष्णता टिकते आणि जीवही वाचतात. या व्यवसायात नफा आणि दया येथे एकाच बाजूस उभ्या आहेत.

संघापुढे विनंती

धान्याच्या अडतीचे दिवस पूर्वीचे राहिले नाहीत. मोठ्या कंपन्या थेट शेतावर खरेदी करतात. २०१६ पासून ई-नामवर संगणकावरील लिलाव होतात. आपली मुले विचारतात, या गादीवर बसून पुढे काय विकावयाचे? त्यांस उत्तर देणे आपणांस प्राप्त आहे.

म्हणून आमची विनंती अशी. संघाने आपल्या खर्चाने एक वाळवण-भट्टी आणि एक अचूक तराजू घ्यावा, व ओल तपासून दाखला देण्याची सोय पेठेतच करावी. तो दाखला घेणारा व विकणारा दोघांस मान्य असावा. व्यवहार कोरड्या क्विंटलावर आणि देयक ठरलेल्या दिवसांत, असा नमुना-करार संघाने छापून ठेवावा. गिरणीत साचणाऱ्या तुसापासून व टरफलांपासून आरंभ करावा. शेतातील माल अनुभव आल्यावर घ्यावा. आणि चारा, माती व गरिबाची चूल या तीन मर्यादा ठरावात लिहून सभासदांवर बंधनकारक कराव्यात.

या मालाचा काटा कोणीतरी धरणारच आहे. तो पाणी मारणाऱ्याच्या हाती जावयाचा की कोरडा तोल देणाऱ्याच्या, एवढेच आपण ठरवावयाचे आहे. येत्या वार्षिक सभेत या विषयास अर्धा तास मिळावा, ही नम्र विनंती. जय जिनेंद्र.